एक वाडी पूर्ण करा, मग दुसरी: कोकणातल्या मोकाट कुत्र्या-मांजरांची संख्या कशी आटोक्यात येते

नगरपरिषदेने वर्षभर कुत्र्यांची नसबंदी केली आणि पुढच्या वर्षी बाजारपेठेत, जेटीवर, एसटी स्टँडवर पुन्हा तितकीच कुत्री दिसली, की लोकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: नसबंदीचा काही उपयोग नाही, पैसे वाया गेले. काम प्रामाणिकपणे झालं असलं तरीही असं होऊ शकतं. त्याचं कारण साध्या हिशोबात आहे.

समजा एका गावात ६० कुत्री आहेत, त्यांत २८ माद्या. प्रत्येक मादी वर्षातून एकदा व्याली आणि तिला पाच पिल्लं झाली असं धरू. रस्त्यावरची बहुतेक पिल्लं मोठी होत नाहीत. पश्चिम बंगालमध्ये झालेल्या एका अभ्यासात सुमारे ८० टक्के पिल्लं वयात येण्याआधीच मेलेली आढळली. म्हणजे पाचांतलं एक जगतं. एका मादीमागे वर्षाला एक कुत्रा वाढतो, आणि २८ माद्यांमागे २८. आजार, अपघात, वय यांमुळे वर्षाला गावातली १२ मोठी कुत्री मरतात असं धरा. २८ वाढले, १२ गेले.

आता त्याच गावात २२ माद्यांची नसबंदी झाली. उरल्या सहा. सहा वाढतील, बारा मरतील, संख्या उतरायला लागेल. पण त्याच २२ शस्त्रक्रिया चार गावांत वाटल्या, तर प्रत्येक गावाच्या वाट्याला पाच-सहा येतात. प्रत्येक ठिकाणी २२ माद्या व्यायच्या उरतात, २२ वाढतात, १२ मरतात. खर्च तोच, डॉक्टर तोच, गाडी तीच, आणि चारही गावांत संख्या वाढतच राहते. वर आणखी एक गोष्ट घडते. थोडी पिल्लं कमी जन्मली की उरलेल्या पिल्लांना अन्न जास्त मिळतं आणि पाचांतली दोन जगू लागतात.

खऱ्या गावातले आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची दिशा बदलत नाही. एका ठरलेल्या हद्दीतल्या किमान ७० ते ८० टक्के माद्यांची नसबंदी एका हंगामात झाली पाहिजे. हद्द लहान चालेल, एक वाडी चालेल, एक बंदर चालेल. अर्धवट चालत नाही. तक्रार आली तिथली दोन कुत्री उचलायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रभागातली तीन, ही पद्धत नगरसेवकांना सोयीची असते, पण तिच्यातून संख्या कधीच खाली येत नाही.

उचलून लांब सोडणं का फसतं

कुत्री जिथे राहतात तिथे अन्न असतं म्हणून राहतात. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर मासळीची डोकी, आतडी, फेकलेला मावरा रोज पडत असेल, तर तिथून ३० कुत्री घाटावर नेऊन सोडली तरी ती जागा रिकामी राहत नाही. शेजारच्या वाडीतली येतात. येणारी नसबंदी न झालेली, लस न टोचलेली आणि अनोळखी असतात. महिना-दोन महिने त्यांची आपसात भांडणं चालतात, आणि नेमक्या त्याच काळात माणसांना चावण्याच्या तक्रारी वाढतात. लांब नेलेल्यांपैकी काही परत येतात, काही महामार्गावर गाडीखाली जातात, काही दुसऱ्या गावाच्या डोक्याला ताप होतात.

मारून टाकणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला ठार मारण्यासाठी किंवा जायबंदी करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विष घातलेलं मटण फक्त कुत्रा खात नाही. घरची मांजर, कोंबड्या, घारी, आणि त्या वाटेने गेलेला खवलेमांजरासारखा रानातला जीवही त्यात सापडू शकतो.

कायदेशीर मार्ग २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत दिला आहे. २००१चे जुने नियम फक्त कुत्र्यांसाठी होते, नव्या नियमांत मांजरंही आली. जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीची आहे, आणि शस्त्रक्रिया भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता असलेल्या संस्थेनेच करायची आहे. नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, हे तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात हेच कायम ठेवलं, मात्र रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडायची नाहीत असं सांगितलं. ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री नसबंदी-लसीकरणानंतर पुन्हा तिथे न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. म्हणून कामाची आखणी करताना एसटी स्टँड आणि कोकण रेल्वेचं स्थानक वेगळं धरावं लागतं. काम सुरू करताना लागू असलेला आदेश मुख्याधिकाऱ्यांकडून किंवा गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घेतला, म्हणजे पुढे वाद होत नाहीत.

लहान ग्रामपंचायतीला एकटीने केंद्र चालवणं परवडत नाही. पाच-सहा ग्रामपंचायतींनी पंचायत समितीमार्फत एकत्र येऊन एका मान्यताप्राप्त संस्थेला बोलावणं हाच व्यवहार्य रस्ता आहे. ठराव करताना प्रत्येक गावाला समान शस्त्रक्रिया वाटून देण्याचा मोह होतो. वर केलेला हिशोब त्या सभेत फळ्यावर लिहावा आणि गावांचा क्रम ठरवावा: पहिल्या वर्षी हे, दुसऱ्या वर्षी ते.

आधी मोजणी

अंदाज नेहमी चुकतो, कारण एकच धिटाई करणारं कुत्रं दहा जणांना दहा वेळा दिसतं आणि मांगराच्या मागे राहणारी भित्री मादी कुणालाच दिसत नाही. मोजणीची पद्धत सोपी आहे. पहाटे साडेपाच ते सात या वेळेत, गाड्या सुरू होण्याआधी, दोन-दोन माणसांनी ठरलेल्या पाखाड्या (दगडी पायवाटा) आणि रस्ते फिरायचे आणि दिसलेल्या प्रत्येक मोठ्या कुत्र्याचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच वाटांनी पुन्हा. मग फोटो जुळवायचे.

पहिल्या दिवशी ४० दिसली. दुसऱ्या दिवशी ३६ दिसली, त्यांतली २४ आदल्या दिवशीचीच होती. ४० गुणिले ३६ भागिले २४, उत्तर ६०. म्हणजे २० कुत्री अशी आहेत जी पहिल्या फेरीत नजरेतून सुटली. पावसाच्या किंवा जत्रेच्या दिवशी मोजणी करू नये, कुत्री जागा बदलतात.

मोजताना चार गोष्टी टिपायच्या: नर की मादी, कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) आहे का, मादीची आचळं ओघळलेली आहेत का (म्हणजे ती पाजते आहे), आणि अंगाला लूत आहे का. पाजणाऱ्या माद्यांचं प्रमाण दरवर्षी कमी होत गेलं, तर काम बरोबर चाललं आहे. केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा मोठा करून दाखवता येतो, रस्त्यावरच्या पाजणाऱ्या माद्या लपवता येत नाहीत. म्हणून अहवालात दुसरा आकडा मागावा.

कोकणातलं वेळापत्रक

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे गावात कुणालाही सांगावं लागत नाही. गर्भ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणून पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात दिसतात. ती आठ आठवडे आईला पितात. यातून कामाचे महिने आपोआप ठरतात.

जून ते सप्टेंबर शस्त्रक्रिया करणं कोकणात धोक्याचं. हवा इतकी दमट की टाक्यांची जागा सुकत नाही, कुत्रं सुटल्यावर चिखलात बसतं, माश्या बसतात आणि तीन दिवसांत जखमेत अळ्या पडतात. ऑक्टोबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत बऱ्याच माद्या गाभण किंवा पाजणाऱ्या. पाजणारी आई उचलली तर मागे पिल्लं मरतात. उरतो जानेवारीचा शेवट ते मे. हाच खरा हंगाम.

त्यातही मे महिना राखून ठेवावा. नोव्हेंबरात जन्मलेली पिल्लं तेव्हा सहा महिन्यांची होतात आणि पकडण्याच्या वयाला येतात. त्यांतल्या माद्या त्याच वर्षीच्या भाद्रपदात माजावर येऊ शकतात. मार्चमध्ये काम संपलं म्हणून गाडी परत गेली, तर या पोरसवदा माद्या सुटतात आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा पिल्लं. हे इतक्या ठिकाणी होतं की करारातच मे महिन्याची दुसरी फेरी लिहून घ्यावी. मे महिन्यात उन्हामुळे पकडणं आणि वाहतूक सकाळी नऊच्या आत उरकायची.

जून-जुलै मोकळे जात नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बंदरावरचं अन्न एकदम आटतं आणि तिथली कुत्री वस्तीत शिरतात, कोंबड्या पळवतात. तक्रारी वाढण्याचा हा काळ आहे. उलट मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात, घरं उघडतात, खरकटं वाढतं, दहा-बारा दिवस कुत्र्यांना भरपूर खायला मिळतं आणि मग दारं बंद होतात. अन्न असं कमी-जास्त होत राहणं हे कुत्र्यांच्या वागण्यातल्या बऱ्याच बिघाडाचं मूळ आहे.

पकडणं

इथे घाई केली की सगळं काम बिघडतं. पहिल्या दिवशी आरडाओरडा, पाठलाग, काठ्या झाल्या, तर दुसऱ्या दिवसापासून गाडीचा आवाज ऐकून अख्खी वाडी रिकामी होते. लोखंडी चिमटे आणि तारेचे फास वापरू देऊ नयेत. त्यांनी जबडा आणि गळा फाटतो. हाताने उचलणं सर्वांत चांगलं, आणि ते रोज खायला घालणाऱ्या माणसाशिवाय जमत नाही. म्हणून अशा माणसांना आधी विश्वासात घ्यायचं: कुठलं कुत्रं कुठे झोपतं, कुठली मादी कुणाच्या पडवीत येते, हे त्यांनाच माहीत असतं. हाताला न येणाऱ्यांसाठी लांब दांड्याची जाळी.

एक पिंजरा, एक कुत्रं. गळ्यात क्रमांकाचा पट्टा, त्याच क्षणी फोटो, आणि नोंदवहीत जागा. जागा लिहिताना "वरची वाडी" असं मोघम लिहू नये, "मारुती मंदिरामागची पाखाडी, दुसरं घर" असं लिहावं. मोबाइलवर ठिकाणाची खूणही साठवावी. चुकीच्या वाडीत सुटलेलं कुत्रं तिथल्या कळपाकडून फाडलं जातं, आणि गावकऱ्यांना वाटतं की दुसरीकडची कुत्री आपल्याकडे आणून टाकताहेत. एकदा हा समज झाला की पुढचं सहकार्य संपलं.

आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. नराची शस्त्रक्रिया लवकर उरकते, माणसाळलेला नर पटकन हाती येतो, म्हणून कामाचा आकडा वाढवायचा असला की नर जास्त उचलले जातात. नरांची नसबंदी फुकट जात नाही, त्यांची भटकंती आणि भांडणं कमी होतात. पण एक नर उरला तरी सगळ्या माद्या गाभण राहू शकतात. संख्या माद्यांवर ठरते. सर्वांत शेवटी हाती लागणाऱ्या भित्र्या माद्या सोडून दिल्या, तर त्याच पुढची पिढी वाढवतात. शेवटच्या दहा माद्यांना पहिल्या तीसांइतका वेळ लागेल हे धरूनच दिवस ठरवावेत.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

मादीचं गर्भाशय आणि अंडाशय काढतात, नराचे वृषण. अनुभवी डॉक्टर मादीला लहानशी चीर देतात आणि कातडीखाली विरघळणारे टाके घालतात, म्हणजे चाटायला दोरा सापडत नाही आणि टाके काढायला पुन्हा पकडावं लागत नाही. त्याच भुलीत कानाला व्हीच्या आकाराची खाच, रेबीजची लस, जंताचं औषध. काढलेले अवयव मोजून नोंदीशी ताडले जातात. देखरेख समितीने ही मोजणी स्वतः करावी, बिलं तपासण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्रीपासून साधारण १२ तास उपाशी ठेवतात, पाणी सकाळपर्यंत चालतं. पकडलेल्या दिवशीच टेबलावर घेतलं तर पोट भरलेलं असतं, भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाते आणि कुत्रं दगावतं. म्हणून आदला एक दिवस आणि नंतरचे किमान चार, असा पाच दिवसांचा मुक्काम धरायचा.

केंद्राची क्षमता ठरते ती याच मुक्कामावर. डॉक्टर दिवसाला १५ शस्त्रक्रिया करू शकतील, पण पिंजरे ५० असतील, तर ५० भागिले ५, म्हणजे रोज १०च. त्याहून जास्त केल्या तर कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोडावी लागतात, टाके उघडतात, आतडी बाहेर येतात. निविदेत रोजच्या शस्त्रक्रियांचा आकडा मोठा दिसला की पहिला प्रश्न विचारा: पिंजरे किती?

पिंजरे धुताना साधं ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुणं. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्यांनी मारणाऱ्या रोगाचा, विषाणू साबणाला दाद देत नाही. लहान पिल्लं केंद्रात ठेवूच नयेत, तिथे आलेली निरोगी पिल्लं आठवड्यात पार्व्होने जातात. सोडताना जखम कोरडी, कुत्रं खातंय, चालतंय हे बघून, सकाळच्या वेळी, रस्त्याच्या आतल्या बाजूला पिंजरा उघडायचा. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून दार उघडलं, तर घाबरलेलं कुत्रं सरळ चाकाखाली जातं.

नसबंदीसाठी पकडलेल्या काही कुत्र्यांच्या गुप्तांगावर फुलकोबीसारखी गाठ असते आणि रक्त ठिबकत असतं. लोक त्याला असाध्य रोग समजून कुत्रं हाकलतात. हा संगातून पसरणारा अर्बुद आहे आणि विन्क्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी चार ते सहा दिली की बहुतेक बरा होतो.

घरची पण मोकळी

कोकणातल्या वाडीत "आमचं कुत्रं" म्हणून सांगितलेलं बहुतेक कुत्रं दिवसभर मोकळंच फिरतं. बागेची राखण, माकडांना हुसकावणं, रात्री भुंकणं, यासाठी ते पाळलेलं असतं. नसबंदी केली की कुत्रं राखण करत नाही, या समजुतीमुळे मालक नाही म्हणतात. राखण माजावर अवलंबून नसते. उलट नसबंदी झालेला नर माजावरच्या मादीमागे चार दिवस गायब होत नाही, आवारातच राहतो.

पिल्लं मात्र याच घरांतून बाहेर पडतात. व्यालेल्या मादीची पिल्लं पोत्यात घालून मासळी बाजारात किंवा घाटाच्या वळणावर सोडून येणं, ही कुत्री वाढण्याची सर्वांत मोठी वाट आहे. म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांसोबत घरच्या माद्यांचीही फुकट किंवा नाममात्र दरात नसबंदी त्याच फेरीत झाली पाहिजे. ती यादी आशा सेविका आणि पोलीस पाटलांच्या मदतीने घरोघर करावी, ग्रामसभेत हात वर करायला सांगून ती पूर्ण होत नाही.

मांजरांचं गणित वेगळं

मांजरीला भाद्रपदाची वाट बघावी लागत नाही. ती चार-पाच महिन्यांची असताना गाभण राहू शकते, वर्षात दोन-तीनदा विते, आणि पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. मासळी बाजारात दोन मांजरांची वर्षभरात वीस होतात ती अशी. पण भाताच्या कणग्या आणि नारळाच्या बागा असलेल्या गावात मांजर नकोसं नसतं, उंदीर राखायला हवंच असतं. उद्देश इतकाच की आहेत ती निरोगी राहावीत आणि नवी भर थांबावी.

मांजराला जाळीने पकडायचा प्रयत्न करू नये. आपोआप दार पडणारा पिंजरा लागतो, साधारण ७५ ते ९० सेंटीमीटर लांब. आधी आठवडाभर एकाच वेळी, एकाच जागी खायला घालायचं. शेवटचे तीन दिवस पिंजरा तिथेच ठेवून, दार बांधून उघडं ठेवायचं आणि खाणं आत ढकलत न्यायचं. पकडण्याच्या आदल्या दिवशी काही घालायचं नाही. आमिषाला सुका बांगडा किंवा सोडे, वासाला तोड नाही. तळाला वर्तमानपत्र, कारण पायाखाली जाळी लागली की मांजर मागे फिरतं. दार पडताक्षणी पिंजऱ्यावर पूर्ण कापड टाकायचं. अंधार झाला की मांजर शांत होतं. कापड नसेल तर ते नाक आपटून रक्तबंबाळ करून घेतं. पिंजरा लावून घरी जायचं नाही, उन्हात तर नाहीच.

मोठ्या मांजराला आठेक तास उपास पुरतो, लहान पिल्लाला तीन-चार तासच, नाहीतर रक्तातली साखर उतरते. पाजणारी मांजरी चुकून अडकली तर आचळं बघून कळतं. तिची पिल्लं कुठे आहेत हे माहीत नसेल तर तिला सोडून द्यावं आणि पिल्लं खाऊ लागल्यावर पुन्हा पकडावं.

एक सूचना सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका, क्रोसिनची एक गोळीही जीव घेते. पिंजरा फिनाइलने धुऊ नका, ते तिच्या अंगात भिनतं. आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठीची परमेथ्रिन असलेली पावडर मांजराला लावू नका.

लस आणि चावा

नसबंदी एकदाच करायची असते, रेबीजची लस मात्र दरवर्षी. कानाची खाच बघून "याला लस झाली आहे" असं धरणं चूक आहे, ती तीन वर्षांपूर्वीचीही असू शकते. हद्दीतल्या ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने सरकारबरोबर हेच केलं: पथकं घरोघर आणि गल्लोगल्ली फिरली, मोकळ्या कुत्र्यांना जाळीत धरून जागच्या जागी लस टोचली, अंगावर रंगाची खूण केली, मोबाइलवर नोंद केली. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तोच किनारा, तेच हवामान, तशीच कुत्री. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत हे न होण्याला निसर्गाचं कुठलंही कारण नाही.

लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. वीज जाणाऱ्या गावात फ्रिजवर विसंबू नये, बर्फाच्या पिशव्यांची पेटी आणि आत तापमापक ठेवावा. गोठलेली लसही बाद, हे अनेकांना माहीत नसतं. बर्फाला थेट चिकटलेली बाटली वापरू नये.

कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. साबणाने विषाणूचं आवरण विरघळतं, त्यामुळे घरी करण्यासारखा याहून मोठा उपाय नाही. हळद, चुना, मिरची, तंबाखू लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. कातडीत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी असते, दंडात दिली तर १४वा दिवसही धरून पाच वेळा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं) टोचतात, ते मागून घ्या. चावणारं कुत्रं १० दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं, पण लसीसाठी ते दहा दिवस थांबायचं नाही.

अन्न: किती, कुठे

खायला घालू नका असं सांगून कुणी थांबत नाही, आणि थांबूही नये, कारण खायला घालणारा माणूसच पकडण्याच्या दिवशी उपयोगी पडतो. मात्र जागा आणि वेळ ठरलेली हवी. शाळेचं फाटक, जिन्याखाली, अंगणवाडी, एसटी थांबा, जेटीचा उतार, इथे नाही. २०२३च्या नियमांतही मुलांच्या खेळण्याच्या जागा आणि येण्या-जाण्याच्या वाटा टाळायला सांगितलं आहे. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम शिजवलेलं अन्न पुरतं. अर्ध्या तासात उरलेलं उचलून जागा धुवायची. शिजलेल्या कोंबडीची हाडं चिरफळतात, ती द्यायची नाहीत.

समुद्रकिनाऱ्यावर तर अजिबात नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात, आणि घरटी उकरणाऱ्यांत कुत्री आघाडीवर असतात. होम-स्टे आणि शॅकवाल्यांनी वाळूत टाकलेल्या मासळीच्या काट्यांनी कुत्री तिथे स्थिरावतात. अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात ते यासाठीच.

मासळी बाजाराचा कचरा हा सगळ्याच्या मुळाशी आहे. झाकणाचे ड्रम, रोज दुपारी उचल, आणि ओटे धुण्याचं पाणी बंद गटारात, इतकं झालं तरी बंदरावरची संख्या पुढच्या वर्षी वेगळी दिसते. उचललेला कचरा बागायतदारांना हवा असतो. एक भाग मासळीचा कचरा, तीन भाग पातेरा (सुका पाला) किंवा नारळाची कुटलेली सोडणं असे थर खड्ड्यात देऊन वर फूटभर माती टाकली, तर वास येत नाही आणि कुत्री उकरत नाहीत. मातीचा थर वीतभरच टाकला तर पहिल्याच रात्री खड्डा उघडा पडतो.

पूर्ण झालेली वाडी राखणं

८० टक्क्यांवर पोचलेली हद्द दोन-तीन वर्षांत पुन्हा ५०वर येते, कारण नसबंदी झालेली कुत्री म्हातारी होऊन मरतात आणि बाहेरून नवी येतात. म्हणून प्रत्येक वाडीत एका माणसाकडे एक वही असावी. खाच नसलेलं नवं मोठं कुत्रं दिसलं की तारीख, जागा, नर-मादी लिहायचं. नव्या मादीचं नाव वहीत चढल्यापासून महिनाभरात तिला शेजारच्या गावात चालू असलेल्या फेरीत धाडायचं, पावसाळा असेल तर जानेवारीच्या यादीत पहिलं नाव तिचं. पहाटेची मोजणी वर्षातून एकदा, डिसेंबरात, म्हणजे पाजणाऱ्या माद्या नेमक्या दिसतात आणि हंगाम सुरू होण्याआधी पिंजऱ्यांची संख्या ठरवायला हातात सहा आठवडे राहतात.